पाणी उंबऱ्याशी येण्याआधी



मृग तोंडावर आला की आमच्या वैनगंगेच्या काठी घरोघरी एकच धांदल असते. कवेलू फेरायचे, लाकडे आत घ्यायची, धानाचे बियाणे निवडायचे. पावसाची तयारी आपल्या आयाबायांना कोणी शिकवावी लागत नाही. पुराची तयारी मात्र आम्ही कधी केलीच नव्हती. आम्ही पाच जणी आहोत. तिघींनी नर्सिंगचा डिप्लोमा करून दवाखान्यांत वर्षानुवर्षे नोकरी केली, दोघी आशाताई आहेत. आजारी माणूस समोर आला की काय करायचे ते आम्हाला ठाऊक होते. पण सगळी वस्तीच एका रात्रीत रस्त्यावर आली तर काय करायचे, हे आम्हाला ऑगस्ट २०२० मध्ये कळले. फार उशिरा कळले.

त्या महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला होता. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी खाली आले, गोसीखुर्द धरणाची ३३ दारे उघडली गेली आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतली नदीकाठची गावे पाण्यात गेली. आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही आपल्या घरात पाणी शिरू शकते, ही गोष्ट अनेकांना त्या रात्री पहिल्यांदा समजली. वरून कोरोनाचे दिवस. एकमेकांपासून दूर राहा असे आम्ही सहा महिने सांगत होतो आणि आता अख्खी वस्ती शाळेच्या चार खोल्यांत कोंबलेली.

वस्ती कुठे असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गावाची उंच जागा कोणाची आणि नदीकडची, नाल्याकडची सखल जागा कोणाची, हे पिढ्यांपूर्वीच ठरवले गेले आहे. म्हणून पाणी आधी आपल्याकडे येते आणि उतरते सगळ्यांच्या शेवटी. यात दैव नाही, कोणाचा कोप नाही. पूर हा नियोजनाचा प्रश्न आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर त्या खोऱ्याची योजना आखण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा विचार एकत्र व्हावा, ही त्या योजनेची दिशा होती. नदीचे नियोजन सरकारने करायचे आणि ते नीट होते की नाही, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. पण घराचे नियोजन आपल्यालाच करावे लागेल.

खुंटीवर राहिलेली पिशवी

शाळेतल्या त्या गर्दीत एक आठवीतला मुलगा होता. सिकलसेलचा रुग्ण. आईने त्याला पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आणले होते. आम्ही पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या आणल्या का?"

ती म्हणाली, "गोळ्या त खुंटीवरच राहिल्या जी, सिस्टर."

ओले कपडे, थंड फरशी, पोटात अन्न नाही, प्यायला धड पाणी नाही. सिकलसेलमध्ये नेमक्या ह्याच गोष्टी घातक असतात. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी लागली, ताप आला की त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. दुसऱ्या रात्री त्या मुलाचे हातपाय आणि पाठ दुखू लागली. पहाटे छाती भरून आली. ट्रॅक्टर, मग नाव, मग रुग्णवाहिका असे करत त्याला दवाखान्यात पोचवायला दुपार झाली. रक्त द्यावे लागले. मुलगा वाचला. पण आम्ही खरे तेच सांगतो, तो थोडक्यात वाचला. गोळ्यांची पिशवी आईच्या हातात असती आणि अंगावर कोरडे पांघरूण असते, तर कदाचित ही वेळ आली नसती.

त्याच शाळेत आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. बाया पाणीच पीत नव्हत्या. पाण्याचा ग्लास पुढे केला की "नको बाई" म्हणत. शेवटी एका म्हातारीने तोंड उघडले, "बायांसाठी संडास नाही. मंग पाणी पिऊन जावाचं कुठं?" पाणी न पिण्याने लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बाळंतिणीचे दूध आटते आणि सिकलसेलच्या बाईला तर जिवाचा धोका. चार बांबू आणि दोन लुगडी बांधून आडोसा करायला आम्हाला अर्धा तास लागला. पण ते आम्हाला सुचायला दोन दिवस गेले होते.

घरातली एक पिशवी

त्या पुरानंतर आम्ही वस्तीत पहिले काम पिशवीचे केले. प्रत्येक घरात एक मजबूत पिशवी, दाराजवळ, हाताला येईल अशी. खताची धुतलेली गोणीही चालते. आत जे जाईल ते आधी जाड प्लास्टिकमध्ये बांधायचे. त्यात काय असावे?

औषधे: रोजची गोळी घेणाऱ्याची निदान १५ दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बीपी, साखर, फिट, दमा, थायरॉइड यांच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. टीबीच्या औषधात खंड पडला तर औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकतो. एचआयव्हीच्या औषधाचेही तसेच. टीबीच्या रुग्णाने आपला निक्षय क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. औषधे वाहून गेली तर लाजू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात लगेच सांगा.

सिकलसेल: फॉलिक ॲसिड, डॉक्टरांनी दिली असेल तर हायड्रॉक्सियुरिया, दुखण्याची गोळी, सिकलसेलचे कार्ड, एक कोरडी चादर आणि पाण्याची बाटली. रुग्णाला ताप आला, छातीत दुखले, धाप लागली, पोटाची डावी बाजू फुगली किंवा अचानक फिकेपणा आला तर घरी थांबायचे नाही.

इन्सुलिन: फ्रीज नसेल किंवा वीज गेली असेल तर मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडके आणि त्यात कोरड्या डबीत बाटली. वरून ओले फडके. बाटली पाण्यात बुडवायची नाही, बर्फाला चिकटू द्यायची नाही.

इतर: ओआरएसची पाकिटे, मुलांसाठी झिंकच्या गोळ्या, क्लोरीनच्या गोळ्या, बँडेज, जंतुनाशक मलम, साबण, पाळीचे कापड किंवा पॅड, टॉर्च, काडेपेटी, शिट्टी, थोडे सुटे पैसे आणि महत्त्वाचे क्रमांक लिहिलेला कागद. मोबाइल बंद पडला की त्यातले क्रमांकही जातात. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे तीन आकडे मुलांनाही पाठ असू द्या.

कागद गेला की पिढी मागे जाते

आरोग्याच्या पानावर कागदपत्रांची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. म्हणून त्या मुलाच्या मोठ्या बहिणीची हकीकत सांगतो. ती बारावी झाली होती. तिला आमच्यासारखे जीएनएम करायचे होते. पुरात घरातली पत्र्याची पेटी गेली. तिच्यात पणजोबांच्या शाळेचा दाखला आणि कोतवाल बुकाची नक्कल होती. आपल्याकडे अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, हे आपण जाणता. ज्या पिढीला शाळेच्या दारात उभे केले जात नव्हते, त्या पिढीचा शाळेचा कागद हातात असणे हीच केवढी मोठी गोष्ट! तो कागद चिखल होऊन गेला. नकला मिळवण्यासाठी बापाने दोन वर्षे कचेऱ्यांच्या फेऱ्या मारल्या. मुलगी ती दोन वर्षे रोवणीला आणि कापणीला जात राहिली. तिसऱ्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. ज्या डिप्लोमाच्या जोरावर आम्ही पायावर उभ्या राहिलो, त्याच्या दारातून एक हुशार पोरगी दोन वर्षे परत येत होती आणि कारण काय, तर एक प्लास्टिकची पिशवी नव्हती.

म्हणून जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, १९५० पूर्वीचे पुरावे, शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, जमिनीचा सातबारा किंवा घराचा नमुना ८ आणि घरटॅक्सची पावती यांचे आजच मोबाइलवर फोटो काढा. एक फोटोसंच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे पाठवा. जे कागद डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तिथे उतरवून घ्या. झेरॉक्सचा एक गठ्ठा उंचावरच्या घरी ठेवा. मूळ कागद दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून त्याच पिशवीत.

यात मदतीचाही प्रश्न आहे. नुकसानीची मदत पंचनाम्यावर मिळते. ज्याचे घर गायरानावर आहे, ज्याच्या नावावर काहीच नाही, जी बाई एकटी आहे, ती यादीतून सुटते. घराचे पावसाळ्यापूर्वीचे फोटो आणि पाणी उतरल्यावर चिखल काढण्याआधीचे फोटो, दोन्ही जवळ असू द्या. तलाठी आणि ग्रामसेवक येतील तेव्हा वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुलींनी सोबत फिरावे आणि प्रत्येक घराची नोंद आपल्या वहीतही करावी. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदतछावण्यांमध्येही दलित कुटुंबांशी भेदभाव झाल्याच्या नोंदी आहेत. संकटात सगळे सारखे होतात, हे ऐकायला बरे वाटते. आपली यादी आपल्याकडे असलेली बरी.

पाणी आणि पोट

चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी पुराची गत असते. पिण्या-शिजवण्यासाठी माणशी दिवसाला निदान ४ लिटर पाणी धरा. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांचे ६० लिटर, म्हणजे झाकणाच्या तीन मोठ्या कॅन. इशारा मिळाला की आधी त्या भरायच्या, मग बाकी सामान.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्या, चारपदरी कापडाने गाळा, खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. सरपण ओले असेल तर क्लोरीनची गोळी वापरा. किती पाण्याला किती गोळी हे पाकिटावर लिहिलेले असते, तेवढीच टाका आणि अर्धा तास थांबा. तुरटीने पाणी स्वच्छ दिसते, पण जंतू मरत नाहीत, हे ध्यानात असू द्या. बुडालेल्या विहिरीचे पाणी उपसल्यावर चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर साधारण १,००० लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात लागते. पण हे काम आरोग्यसेवकाकडूनच करून घ्या आणि ओटी टेस्ट तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा. नळीतले पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. ही तपासणी गावाच्या विहिरीची होते तशी आपल्या वस्तीच्या हातपंपाचीही झाली पाहिजे.

जुलाब लागले तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. मिठाचा हात सैल सोडू नका, जास्त मीठ बाळाला घातक असते. तांदळाची पेज आणि आईचे दूध चालू ठेवा. मुलांना झिंकची गोळी आशाताई सांगतील त्याप्रमाणे १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

धान्याचे काय? हातावर पोट असलेल्या घराला "महिन्याचा साठा करा" असे सांगणे म्हणजे चेष्टा होईल. आमच्या वस्तीतल्या बायांनी मुठीची पद्धत काढली. स्वयंपाकाला तांदूळ घेताना रोज दोन मुठी वेगळ्या डब्यात. साधारण १०० ग्रॅम. माघी पौर्णिमेला सुरू केले तर मृगापर्यंत १२ किलो होतात. पाच माणसांच्या घराला आठवडा निघतो. सोबत दोन किलो डाळ, मीठ, तेल, गूळ, मुरमुरे, फुटाणे. आपल्या आज्या उन्हाळ्यात वड्या घालत, अंबाडीचा पाला आणि झिंगे वाळवून ठेवत, ते काही उगाच नव्हे. चूल पेटली नाही तरी मुरमुरे आणि गुळावर एक दिवस निघतो. साठा घट्ट झाकणाच्या डब्यात, माळ्यावर. पावसाळा संपला की तो खाऊन टाकायचा आणि पुन्हा भरायचा.

पाणी चढताना, पाणी उतरल्यावर

अंधारात निघायची वेळ आणू नका. इशारा आला की उजेडी म्हातारी माणसे, लेकरे, अपंग आणि गरोदर बाया आधी हलवा. आमच्या वहीत वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईची बाळंतपणाची तारीख असते. जिची तारीख जुलै ते सप्टेंबरमध्ये येते, तिला दोन आठवडे आधीच रस्ता न तुटणाऱ्या ठिकाणी पाठवतो. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' असते, त्याची चौकशी करा.

घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करा. गॅसचा रेग्युलेटर बंद करून टाकी दोरीने बांधा. गुरांची दावी सोडा. वाहते पाणी गुडघ्याला लागले तरी माणूस पडतो. फोटो काढण्यासाठी पुलावर जाऊ नका.

पाणी उतरल्यावर घरात शिरताना हातात काठी हवी. मण्यार, घोणस, नाग कोरडी जागा शोधत कोठीमागे आणि अंथरुणात येतात. साप चावला तर दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अवयव फळीने स्थिर करा, माणसाला चालवू नका आणि सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशाची लस तिथे मोफत मिळते. मण्यारचा दंश कधी कधी दिसतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटदुखी झाली, पापण्या जड झाल्या तर संशय घ्या.

चिखलात काम केल्यानंतर ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लेप्टोची लक्षणे असू शकतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो शरीरात शिरतो. गटारे आणि मेलेली जनावरे काढायचे काम पुन्हा आपल्याच माणसांच्या गळ्यात पडते. गमबूट आणि हातमोजे दिल्याशिवाय कोणीही त्याला हात लावू नये, हे ग्रामपंचायतीला ठणकावून सांगा. लेप्टो टाळायची गोळी डॉक्टर देतात. गरोदर बाया आणि लहान मुलांना ती आपल्या मनाने देऊ नका. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. दोन दिवसांहून जास्त ताप राहिला तर मलेरिया-डेंग्यूची तपासणी करून घ्या.

विहारातली एक संध्याकाळ

एका घराने सगळे केले आणि शेजारचे घर रिकामे राहिले, तर तयारी झाली असे होत नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण रोज विहारात ग्रंथवाचनाला जमतो. पुराचा काळही तोच. म्हणून आम्ही पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ या कामाला मागून घेतली. त्या दिवशी प्रत्येक घराची पिशवी विहारात येते आणि उघडून पाहिली जाते. मुदत संपलेल्या गोळ्या बदलतात. कोण कोणाच्या म्हाताऱ्याला उचलणार, नाव कोणाची, ट्रॅक्टर कोणाचा, आडोशाचे बांबू कुठे ठेवलेत, हे ठरते. बचतगटाच्या पैशातून दोन सौर दिवे आणि पाण्याची एक टाकी घेतली. विहाराच्या आवारात शेवगा, पपई आणि कढीपत्ता लावला. शेवग्याच्या पाल्याने आमच्या मुलींच्या रक्ताचा प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही, पण भाजी महाग झाली की ताटात हिरवे काहीतरी पडते.

हे सगळे सरकारच्या बदली नाही. वस्तीला उंच जागा, पावसाळ्यात न बुडणारा रस्ता, धरणाचे पाणी सोडण्याची वेळेवर दवंडी आणि शाळेत बायांसाठी संडास, या चार मागण्या आम्ही दरवर्षी ग्रामसभेत लेखी देतो आणि पोच घेतो. संडास झाला आहे. बाकी तीन अजून व्हायच्या आहेत.

तो सिकलसेलचा मुलगा आता तरणा झाला आहे. विहारातल्या त्या संध्याकाळी कोणाच्या घरी कोणती औषधे हवीत, ती यादी तोच वाचतो. एखाद्या घराची पिशवी आली नसेल, तर बैठक थांबवून त्या घरी जातो. यंदा आपल्या गावच्या विहारातही अशी एक संध्याकाळ ठेवा. सोबत एक वही आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन जा.

जय भीम! नमो बुद्धाय!